यक्षाला घाम येत नाही

बडोदे,
वैशाख, मंगळवार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेची वही तीन रात्री उशाशी होती. आधी सलग वाचली, मग हातात पेन्सिल घेऊन. कमाटीबागेतला वड, त्या वडात राहणारा यक्ष, आणि पारंब्या रेखाटायला आलेली फाइन आर्ट्‌सची मुलगी. कल्पना मला मनापासून आवडली. यक्षाचं आणि वडाचं नातं फार जुनं आहे, आणि आपल्या गावाचं तर नावच वडावरून पडलेलं. तू म्हणाली होतीस, ‘मावशी, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.’ म्हणून खरं तेच लिहिते.

तुझा यक्ष अजून उभा राहिलेला नाही. तो देखणा आहे, चारशे वर्षांचा आहे, नुसत्या बोटाने पाऊस पाडतो. पण तिसऱ्या प्रकरणात भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता तो तिच्याबरोबर मांडवीपासून सूरसागर तळ्यापर्यंत चालत जातो. बेचाळीस अंशांत तिची ओढणी पाठीला चिकटली असणार. त्याचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. मला पुढचं पान उलटवेना.

दमयंतीचं स्वयंवर पुन्हा वाच. वनपर्वात आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचं रूप घेऊन मंडपात बसलेले. पाच नळ, तिळाचाही फरक नाही. ती हात जोडून देवांना सत्याची आण घालते, आणि मग तिला दिसतं: चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नाही, पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा ताज्या, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची माळ कोमेजली आहे, अंगावर धूळ आहे, घाम आहे, आणि त्याची सावली पडली आहे. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. तिच्यासमोर चार देव बसलेले असताना!

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा तुझ्याच वयाची होते, आणि पुस्तक मिटून किती तरी वेळ तशीच बसून राहिले होते. प्रेमकथेला लागणारं सगळं त्या चार-पाच खुणांत आहे. तुझ्या नायिकेला यक्षाची ओळख त्याच्या तोंडून कळायला नको. सूरसागरच्या कठड्याशी थांबल्यावर तिने रुमाल पुढे करावा आणि तो कशासाठी दिला हेच त्याला कळू नये. एवढं पुरे. त्याने ‘मी यक्ष आहे’ म्हणून जे दीड पान भाषण केलं आहे, ते मग आपोआप गळून पडेल.

आता त्याच्या शापाबद्दल. कुबेराने शाप दिला, एवढंच तू लिहितेस. किती काळाचा? कशाने सुटणारा? आपल्याकडे शाप एकटा येत नाही, त्याच्या पाठोपाठ उःशाप येतो, आणि कथा चालते ती या दोहोंच्या मधल्या वाटेवर. दिवाळी अंकांसाठी कथा निवडायचं काम मी बरीच वर्षं केलं. शाप आहे पण मुदत नाही, अशा कथा बहुतेक मधेच दमलेल्या असायच्या. कालिदासाच्या यक्षाला नेमकी एका वर्षाची शिक्षा आहे. विष्णू शेषशय्येवरून उठला की शाप संपणार, म्हणजे कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला. मेघाला निरोप सांगतो तेव्हा चारच महिने उरलेले आहेत. आषाढी-कार्तिकी आपल्या हाडात मुरलेली. मराठी वाचकाला वेगळं घड्याळ दाखवावं लागत नाही. तुझी कथा आत्ता वैशाखात सुरू होते आणि कधी संपते ते कळत नाही. तिला चातुर्मासाच्या चौकटीत बसवून पाहा.

आणि अट हवी. गंगेने शंतनूला घातली होती: मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. सात मुलं तिने पाण्यात सोडली आणि तो गप्प राहिला. आठव्या वेळी त्याने तोंड उघडलं आणि ती निघून गेली. त्याचं काय चुकलं? बापाने विचारायलाच हवं होतं. पण अट मोडली, हेही खरंच. अशी अट शोध की जी पाळली तरी माणूस तुटतो आणि मोडली तरी तुटतो. तुझ्या यक्षाने वडाच्या सावलीबाहेर जायचं नाही, ही अट मला लंगडी वाटली, कारण तिसऱ्या प्रकरणात तो सहज बाहेर पडतो आणि त्याची किंमत कुणीच मोजत नाही.

नायिकेबद्दल लिहायला बसले की मला आमची जुनी पोळ, म्हणजे गल्ली, आठवते. भिंतीच्या अलीकडे आई एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ वाचायची; लग्नाच्या मुलींकडून त्याचं पारायण करवून घेत, तसं माझ्या मावशीकडूनही करवून घेतलं होतं. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या बेन चैत्रात ‘ओखाहरण’ गात. ते आपल्या बडोद्याच्या प्रेमानंदाचं, सतराव्या शतकातलं. अंगठ्या घातलेल्या बोटांनी तांब्याच्या माणेवर, म्हणजे घागरीवर, ठेका धरून तो आख्यानं सांगायचा. मला ताप आला की त्या बेन उशाशी येऊन तेच म्हणत. का, ते पुढे भागवत वाचल्यावर कळलं: ओखाचा बाप बाणासुर, त्याच्याशी झालेल्या कृष्णाच्या युद्धात शिवाचा ज्वर आणि विष्णूचा ज्वर एकमेकांशी लढतात, आणि हा प्रसंग जो आठवेल त्याला ज्वराचं भय राहणार नाही, असा वर कृष्ण देतो. प्रेमाची गोष्ट, आणि तापावरचा उतारासुद्धा.

तर ती ओखा, म्हणजे उषा. स्वप्नात तिला एक पुरुष भेटतो. जागी होते तर नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. सखी चित्रलेखा म्हणते, मी काढते, तू ओळख. ती देव काढते, गंधर्व, नाग, दैत्य, विद्याधर काढते, यक्षही काढते (तुझा यक्षसुद्धा त्या रांगेतून गेला असेल, आणि उषेने नाही म्हटलं असेल). मग माणसं. वसुदेव, बलराम, कृष्ण. प्रद्युम्नाचं चित्र उमटताच उषा लाजते, आणि अनिरुद्धाचं उमटल्यावर मान खाली घालते. प्रद्युम्न हा अनिरुद्धाचा बाप. ही गोष्ट तिला अजून कुणी सांगितलेली नाही, तरी ती लाजली. भागवतकार त्याचं स्पष्टीकरण देत नाहीत, पुढे जातात. तुला असं लिहिता आलं पाहिजे.

तुझी नायिका चित्रकार आहे, आणि तरी तिच्या चित्रकलेने कथेत काहीच घडत नाही. चित्रलेखेच्या हातात पेन्सिल असती तर तिने काय केलं असतं, हे स्वतःला विचार. त्या गोष्टीत सगळं तीच करते. द्वारकेला आकाशमार्गे जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते. हरण झालं ते पुरुषाचं, आणि तेही झोपेत. जाग आल्यावर त्याला काय वाटलं असेल? अनोळखी महाल, अनोळखी मुलगी, आणि ती म्हणते मी तुला ओळखते. पुराण इथे थांबत नाही. तुला थांबता येईल. नव्या लेखकाची जागा अशाच ठिकाणी असते. रुक्मिणीचंही तसंच. निरोप्या ब्राह्मणाकरवी कृष्णाला पत्र धाडणारी ती, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही देवीला गावाबाहेर जातो, तिथून मला घेऊन जा, हा बेतही तिचाच. तुझ्या नायिकेला यक्ष तीनदा संकटातून सोडवतो. एकदा तरी तिने बेत आखू दे.

‘मूळ कथेत असं नाही’ असं कुणी म्हणेल, ही भीती तू समासात लिहिली आहेस. गुजरातेत सांगतात की ओखा भिऊन मिठात लपली होती, म्हणून चैत्रात अळणी खायचं. भागवतात मीठ नाही. कुणा बाईने स्वयंपाकघरातून ते आणून कथेत घातलं आणि ते टिकलं. आपल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली, सातही कांडं, १९६० ते १९७५. तिचा एखादा खंड नुसता उघडून बघ. वर श्लोक, आणि खाली निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद, पानभर. बदलायचा हक्क तुला आहे. फक्त आधी पूर्ण वाच, मग बदल.

एका बाबतीत मात्र मी आग्रह धरीन. दुसऱ्या प्रकरणात विश्वामित्रीच्या डोहात तू साती आसरा आणल्यास आणि त्यांना नुसत्या माणसं ओढणाऱ्या चेटकिणी केलंस. आसरा हा शब्द अप्सरेवरून आलेला. देशावर आजही विहिरीपाशी, नदीकाठी सात दगडांना शेंदूर लावून बायका त्यांना ओटी वाहतात. त्यांची भीती आहे तशी मायाही आहे. दोन्ही ठेव, नाहीतर त्यांना काढून टाक. आणि विश्वामित्रीचं एवढं वर्णन करून त्यात एकही मगर नाही, हे बडोद्याच्या वाचकाला पटायचं नाही.

कपड्यांचंही बघ. तुझा यक्ष ‘पीतांबर आणि मुकुट’ घालून येतो. सयाजीरावांनी रविवर्म्याला पुराणातल्या चौदा चित्रांचं काम दिलं, तेव्हा या माणसांना नेसवायचं काय, हे ठरवायला तो आणि त्याचा भाऊ उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. मग विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा, शंतनू-मत्स्यगंधा ही चित्रं झाली. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात जा, आणि फक्त पदर, निऱ्या नि काठ बघून ये. तू स्वतः चित्रकार आहेस. तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

तिसरं प्रकरण नव्याने लिहून पुढच्या मंगळवारी घेऊन ये, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. सोबत आईची ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची प्रत पाठवते आहे. पानं सुटी झाली आहेत, दोरा सोडलास तर तसाच पुन्हा बांध. मधे कुठे कुठे हळदीचे डाग आहेत, ते पुसू नकोस.

तुझी,
मावशी