नव्या गड्यासाठी: स्क्वॉड (कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन युद्धाचा गेम) खेळताना आधी एवढं कर

भावा, लातूरहून खेळतोयस म्हणजे आधी लाइटचं बघ. राउटरला छोटा यूपीएस लाव, नाहीतर ऐन चकमकीत टीमला वाऱ्यावर सोडशील.

आता खेळ. स्क्वॉडमध्ये 50 विरुद्ध 50, एका तुकडीत 9 जण. नवे गडी एकटेच पळत सुटतात. लांब जाऊन पडलास तर पट्टी बांधून उठवायला कोण येणार?

- झुडूप लपवतं, गोळी अडवत नाही. दगड, भिंत, बांध शोध.
- टेकडीच्या माथ्यावरून चालू नको. बालाघाटच्या धारेवरची शेळी खालच्या शिवारातून कशी ठळक दिसते, तसाच तू दिसतोस. थोडं खालून वळसा घे.
- गोळी झाडली की जागा बदल. त्याच खिडकीतून पुन्हा डोकं काढणारे लई मरतात.

माइकवर "तिकडं आहे, तिकडं!" ओरडून कुणाला काय कळणार? होकायंत्रावरचा आकडा सांग: "240, दोघं, लाल छताचं घर." बस. मग गप्प राहा, बाकीच्यांना पावलं ऐकू दे.

मोर्टारची गणितं, रणगाडे, हेलिकॉप्टर सध्या विसर. (आपल्याच टीमचं हेलिकॉप्टर आपटणाऱ्या नवख्याला शिव्या पडतात, त्या वेगळ्याच.) पहिले काही दिवस मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा गडी हो, तुकडीला धरून राहायची सवय आपोआप लागते.