उसळणारी काठी आणि अकरावीतला जादूगार

एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो आणि दोन वर्षांपासून जादूचे प्रयोग करतो. गेल्या महिन्यात त्याने रुमालातून काठी काढण्याचे साहित्य आणले. घरात सराव करताना काठी अचानक उघडली, त्याचा तळवा कापला आणि काठीचे टोक धाकट्या बहिणीच्या भुवईला घासून गेले. त्यानंतर वाकलेली काठी सरळ करण्यासाठी त्याने ती गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवली. ‘हे सगळे काढून घेऊन त्याला अभ्यासाला बसवावे की काय करावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सस्नेह नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे आणि थोडक्यात निभावले हेही खरे आहे. तरीही साहित्य हिसकावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिसकावले तर तो सराव मित्राच्या घरी किंवा गच्चीवर, कोणाच्याही देखरेखीविना करील, आणि धोका तिथे अधिक असेल. मात्र वापराचे नियम ठरेपर्यंत ती काठी आपल्या कपाटात राहू द्या.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. ही काठी म्हणजे पोलादाची एक पातळ, लांब पट्टी असते. ती तिरकी गुंडाळलेली असल्याने दाबली की मुठीत मावते आणि खटका सुटला की पापणी लवायच्या आत साधारण हातभर किंवा त्याहून लांब होते. दाबताना आपण हाताने जे बळ लावतो, ते सगळे तिच्यात साठून राहते. म्हणून मिटलेली काठी ही निवांत पडलेली वस्तू नव्हे. तिच्याकडे चाप ओढून ठेवलेल्या यंत्रासारखेच पाहावे लागते. शिवाय पट्टीची कड पात्यासारखी असते. तळवा कापला तो टोकामुळे नव्हे, या कडेमुळे. मिटताना बोट दोन वेढ्यांच्या मध्ये गेले असावे.

त्यामुळे काठी उघडताना तिचे तोंड नेहमी वर किंवा मोकळ्या बाजूला असावे. स्वतःच्या हनुवटीखाली किंवा प्रेक्षकांच्या रोखाने कधीही नसावे. सरावात डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि मिटताना कातडी हातमोजे घालावेत. दोन्ही हातांनी टोकाकडून बुडाकडे, सावकाश, वेढे एकमेकांत सरळ बसत आहेत ना हे पाहत दाबावे. एखादा वेढा तिरका गेला तर जोर न लावता सैल सोडून पुन्हा सुरुवात करावी. खटका किंवा बंद बसल्याची खात्री झाल्याशिवाय हात सोडू नये. मिटलेली काठी दप्तरात किंवा खिशात ठेवून बसने प्रवास करणे तर पूर्ण बंद. ती कडक झाकणाच्या डब्यातच न्यावी. धाकटी मुले असलेल्या घरात डब्याला कुलूप असावे. दुर्दैवाने डोळ्याला लागलेच तर चोळू नये, दाबू नये. वर एखादी वाटी हलकेच धरून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

निगा राखण्याचे काम कठीण नाही, पण नेमाने करावे लागते. घामात मीठ असते आणि पावसाळ्यात हवाही दमट असते, त्यामुळे बोटांच्या ठशांवर गंज धरतो. प्रत्येक सरावानंतर कोरड्या मऊ कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे, नाहीतर प्रयोगात काठी हातातून निसटेल. सराव नसेल तेव्हा ती उलगडून ठेवलेली बरी, म्हणजे तिच्यात बळ साठून राहत नाही. प्लॅस्टिकची काठी असेल तर हे आणखीच महत्त्वाचे, कारण ती दाबून ठेवली की तोच आकार धरते. नवशिक्याने सुरुवात प्लॅस्टिकच्याच काठीने करावी, असे मला वाटते. कडेवर बारीक चीर किंवा घडी दिसली तर पोलादी पट्टी पक्कडीने सरळ करू नये. चीर कडेपासून आत वाढत जाते आणि एखाद्या दिवशी तुकडा उडतो.

आता शेगडीच्या प्रकाराविषयी. पट्टी सरळ झाली, पण पूर्वीसारखी उसळत नाही, असे आपण लिहिले आहे. त्याचे कारण मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचे वाटते. पोलादाला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, आणि नंतर पुन्हा बेताने तापवून जी लवचीकता आणलेली असते, ती लाल होईपर्यंत तापवल्यावर जाते. गरम पट्टी पाण्यात बुडवली असती तर ती काचेसारखी ठिसूळ झाली असती आणि पुढच्याच दाबाला तुटून कोणाच्या तरी अंगावर आली असती. ती काठी आता प्रयोगासाठी वापरू नये. पण ‘असे का झाले?’ हा प्रश्न आपल्या मुलाने तीन दिवस धरून ठेवला आणि शेवटी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारला, असे आपण लिहिता. करिअरचा धागा मला इथे दिसतो, टाळ्यांमध्ये नाही.

धातुशास्त्र हेच शिकवते. पुण्याच्या १८५४ पासूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी विद्यापीठात, आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत ही शाखा आहे. पहिल्यासाठी राज्याची सीईटी, दुसऱ्यासाठी जेईई मेन द्यावी लागते. हाताचे काम त्याला अधिक रुचत असेल तर बारावी विज्ञाननंतर यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. आयटीआयचा फिटर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही कमी प्रतीचा समजू नये; जादूचे साहित्य बनवणाऱ्याला कानस धरता येणे फार उपयोगी पडते. रंगमंचावरच उभे राहायचे असेल तर पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घरात ही कला तीन पिढ्या चालत आली आहे, हे त्याला जरूर सांगा. मात्र त्याबरोबर एक शिक्षण हाती असावे, यावर मी ठाम आहे.

येत्या रविवारी चष्मा आणि हातमोजे त्याला त्याच्याच खाऊच्या पैशांतून आणू द्या. एक वही घालून द्या. त्यात तारीख, त्या दिवशी काठी किती वेळा उघडली, तेल केव्हा लावले आणि कडेवर काय दिसले, एवढे त्याने लिहावे. तीन महिने वही नीट चालली तर कपाटाची किल्ली त्याला द्यावी. भेटीला याल तेव्हा वही आणि ती तापवलेली पट्टी दोन्ही घेऊन या. तापल्यामुळे पट्टीवर उमटलेले रंग मला त्याच्या शेजारी बसून पाहायचे आहेत.