मापात सूट मागू नकोस

प्रिय मुला,

तुझं पत्र मिळालं. चाकणचा एक ठेकेदार लगेच कामावर घ्यायला तयार आहे, वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आगाऊ पैसेही देतो म्हणतो. आणि इथे मिशनच्या वर्कशॉपमध्ये तू दिवसभर एकाच लोखंडी तुकड्यावर कानस मारतोयस, तिथले सर तो गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लावून उजेडात धरतात आणि परत देतात. ‘गरिबाघरच्या पोरांना इतकं कडक कशाला? आम्ही काय इंजिनिअर व्हायला आलोय?’ असं तू विचारलंस. हे वाक्य मला लागलं. म्हणून आधी त्याचंच उत्तर.

मापात सूट मागू नकोस. गरीब आहेस म्हणून तर मुळीच मागू नकोस.

जॉब, म्हणजे हातातला तुकडा, मापाच्या ०.०४ मिलिमीटरच्या आत आण, असं सांगणारा माणूस तुझा छळ करत नाही. सुरुवातीला सगळ्यांचा हात डोलतो. एक काठ आधी खाल्ला जातो, दुसरा नंतर, आणि मधे टेकाड राहतं. गुण्याखालून उजेड दिसतो तो त्याचाच. कानस पुढे ढकलताना दाब आधी डाव्या हातावर जास्त, मधे सारखा, शेवटी उजव्यावर जास्त, असा सरकला पाहिजे. मागे आणताना दाब द्यायचाच नाही. तुकडा पकडणारा व्हाइस कोपराच्या वर येत असेल तर पायाखाली फळी घे, लाजू नकोस. दातांत कीस अडकून ओरखडे पडत असतील तर कानशीला खडू चोळ. हे हाताला कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त इथेच मिळतो. चाकणला शॉपफ्लोअरवर तुला कोणी एक तुकडा पुन्हा पुन्हा घासू देणार नाही. तिथे तुझ्या हातात झाडू असेल.

वर्कशॉपच्या दारावर ज्यांचा फोटो आहे त्या फादर डॉन बॉस्कोंबद्दल प्रार्थनेच्या वेळी तू ऐकलं असशील, पण एक गोष्ट बहुधा कोणी सांगितली नसेल. इटलीत तुरिन शहरात कामाच्या शोधात खेड्यांतून पोरं येत, बांधकामांवर आणि कारखान्यांत राबत, मार खात. डॉन बॉस्कोंनी त्यांना आसरा दिला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी जुझेप्पे ओदास्सो नावाच्या मुलाला सुताराकडे शिकायला ठेवताना त्यांनी मुद्रांकित कागदावर करार केला. मुलाला धंदा नीट शिकवायचा. चुकला तर शब्दांनी समजवायचं, हात उगारायचा नाही. धंद्याशी संबंध नसलेली कामं करून घ्यायची नाहीत. सणावाराला सुट्टी द्यायची. पुढच्या वर्षी, १८५३ मध्ये, त्यांनी स्वतःच्याच आवारात चांभारकामाची आणि शिवणकामाची वर्कशॉप सुरू केली. गरीब मुलगा आहे, सांभाळून घ्या, अशी विनवणी त्यांनी त्या सुताराला केली नाही. मुलाला धंदा पूर्ण शिकवा, असं लिहून घेतलं.

आता तुझ्या ठेकेदाराला एवढंच विचार. मला काय शिकवणार, कुठल्या मशीनवर, किती दिवसांत, आणि हे लिहून देता का? नाही देणार. उचलीच्या बदल्यात हंगामभर माणूस बांधून घेणं म्हणजे काय, हे तुझ्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सातपुड्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाताना तुझ्या वडिलांनी जे केलं तेच तू चाकणला करशील. फरक इतकाच की कोयत्याच्या जागी ट्रॉली येईल.

असाच एक हुशार मुलगा माझ्या हातून निसटला. मी त्याच्या वस्तीवर गेलो, त्याच्या वडिलांसमोर बसलो, हात जोडले. उपयोग झाला नाही. बऱ्याच वर्षांनी तो भोसरीत भेटला. मशीनवर चढणारा माल तो गाडीवरून उतरवत होता. त्याला त्या मशीनचा प्रत्येक भाग नावानिशी माहीत होता, पण हात लावायची परवानगी नव्हती. ते दुःख अजून गेलेलं नाही, आणि म्हणूनच तुझ्याशी इतकं कडक बोलतोय.

मला लोक निर्दय म्हणत. बिचारी पोरं, करा पास, असं सहकारीही म्हणायचे. मी जॉब भंगाराच्या पेटीत टाकायचो आणि नवीन तुकडा हातात द्यायचो. आजही तसंच करीन. दयेने पास झालेला मुलगा कंपनीच्या पहिल्याच ट्रेड टेस्टमधून परत येतो, आणि तिथे कोणी विचारत नाही की तुझे वडील काय करतात. मापात सूट देणारा मास्तर मुलाचं भलं करत नाही, स्वतःला चांगलं वाटावं म्हणून करतो.

गावात म्हणतात की फादर लोक धर्म बदलतील, हेही तू लिहिलंस. माझ्या गळ्यात माळ आहे, मी पंढरीला जातो आणि माझी सगळी नोकरी मिशनच्या वर्कशॉपमध्ये झाली. आणखी काय सांगू?

फिटरचा कोर्स दोन वर्षांचा आहे. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झालास की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळेल. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिस म्हणून जाता येतं, तिथे करार होतो आणि विद्यावेतन मिळतं. किमान वेतनाच्या यादीत अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगवेगळे दर असतात. हेल्पर अकुशलच्या रकान्यात जातो आणि बहुतेक तिथेच राहतो. मापात सूट घेतलीस की पगारातही तुला कापूनच मिळेल.

घरची अडचण खोटी नाही, मला कळते. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलास का? जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला गावाहून मागवलास का? नसेल तर आजच रेक्टर फादरांना सांग, तहसीलच्या कामाला ते मदत करतात. मेसच्या बाकीचंही त्यांच्याशीच बोल, लपवू नकोस. आणि वडिलांना रविवारी मला फोन करायला सांग. मुकादमाचा हिशेब कागदावर आहे का, किती फिटले, किती राहिले, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. तोवर ठेकेदाराचा एक रुपयाही घेऊ नकोस.

तुझे,
सर