नितळ पाण्यालाही पावडर का?

प्रश्न : आमची नळयोजना विहिरीवरची आहे, टाकी ५० हजार लिटरची. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, तरी पावसाळा लागला की घरोघर हगवण. पाणी तर नितळ दिसतं. पावडर कमी पडते का? आणि शहरात फिल्टर असूनही पावडर कशाला टाकतात?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : आधी शहराचं सांगतो, तुमच्या गावाचं उत्तर त्यातच आहे. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं दगावली. एल्ब नदीचं पाणी तिथं न गाळताच नळाला सोडत. शेजारचं आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेणारं. तरी तिथं साथ तशी पसरली नाही, कारण ते पाणी वाळूतून गाळायचे. वाळूवर चिकट साय धरते, ती जंतू अडवते. पण फिल्टरपुढच्या पाइपात घाण शिरली तर वाळू काय करणार? तिथं क्लोरीनच लागतो. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं पाण्यात रोज ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. तुमची टीसीएल म्हणजे तीच.

ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला २५० ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडतो. २० टक्क्यांवर आलेली पावडर ४०० ग्रॅमच्या वर लागेल. त्याहून उतरलेली वापरू नका. कोरडी पावडर टाकीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा, गाळ बसू द्या आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओता. खालचा चुना व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. त्यानंतर अर्धा तास गावाला पाणी सोडायचं नाही. लाइट उशिरा आली की घाईत हाच अर्धा तास गाळला जातो.

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघायची चाचणी, टाकीखालच्या नळावर करून भागत नाही, शेवटच्या घरी करा. रंगपट्टीवर किमान ०.२ पीपीएमचा (लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनचा) पिवळेपणा दिसला पाहिजे. टाकीखाली पिवळं आणि शेवटच्या घरी बिनरंगाचं आलं, तर वाटेत घाण शिरते आहे असं धरून शोध घ्या. पाणी बंद झालं की रिकामी लाइन फुटक्या जागेतून नालीचं पाणी आत ओढते. दाब कमी म्हणून खड्ड्यात बसवलेला, तोटी नसलेला नळ पावसाच्या पाण्यात बुडतो, तोही तेच करतो. हे नळ आधी वर घ्या, नालीतून गेलेली जोडणी बदला. तोवर नळ आल्याबरोबर येणारं पाणी पिण्याच्या गुंडात भरू नका, आणि पिण्याचं पाणी उकळून घ्या.