मालदीवचा वॉटर व्हिला: नक्की जा, पण लोन काढून नको

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. जानेवारीत लग्नाला १० वर्षं होतायत, मालदीवला पाण्यावरच्या बंगल्यात ४ रात्री राहायचंय, मनसोक्त स्नॉर्कलिंग (मास्क लावून पाण्यातले मासे बघणं) करायचंय, सोबत ६ वर्षांची लेक. एजंटने रूमचे १ लाख ६२ हजार सांगितलेत, विमानाचे ७५ हजार धरून अडीच लाखात सगळं बसेल असा त्यांचा अंदाज आहे. तर ३ वर्षांचं पर्सनल लोन काढू की ३ लाखांची एफडी मोडू, असं विचारलंय. दोघांचा मिळून हातात येतो १ लाख १५ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, एसआयपी १५ हजार, घरखर्च ४८ हजार.

ताई, आधी एक सांगते, ही हौस चुकीची नाहीये. १० वर्षं हप्ते भरत, मुलीचं करत संसार केलाय तुम्ही, एकदा असं जावंसं वाटणं अगदी बरोबर आहे आणि मी तुम्हाला "एवढे पैसे म्युच्युअल फंडात टाका" असलं काही सांगणार नाही. पण तुमचा अडीच लाखाचा आकडाच चुकलाय, त्यामुळे लोन की एफडी हा प्रश्न नंतरचा.

एजंटने पाठवलेला कागद परत बघा, रूमच्या रेटपुढे ४५० डॉलर आणि दोन अधिकची चिन्हं आहेत. त्याला तिकडे प्लस प्लस म्हणतात, म्हणजे सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वेगळा. ४५० वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागला की झाले ४९५, त्या ४९५ वर १७ टक्के टीजीएसटी, म्हणजे तिकडचा पर्यटनावरचा जीएसटी (जुलै २०२५ पासून १७ झालाय, आधी १६ होता), म्हणजे झाले ५७९. वर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टला माणशी रात्रीचे १२ डॉलर, तिघांचे ३६. एक रात्र पडली ६१५ डॉलरला. डॉलर ९० रुपये धरला तर ४ रात्रींचे साधारण २ लाख २१ हजार, १ लाख ६२ नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. हे रिसॉर्ट राजधानी मालेपासून लांब आहे, तिथे सीप्लेननेच, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच जावं लागतं. जाऊन येऊन मोठ्या माणसाचे ४५० डॉलरच्या आसपास, मुलीचे साधारण निम्मे, म्हणजे लाखभर रुपये नुसते त्या छोट्या विमानाचे! पॅकेज हाफ बोर्ड आहे म्हणजे दुपारचं जेवण तुमचं, आणि बेटावर दुसरं हॉटेल नसतं, वडापावची गाडी नसते, तिघांचं जेवण आणि पाणी मिळून दिवसाला १०० डॉलर सहज जातात. सगळं जोडा, ४ लाख ३५ हजार होतात, बोटीने एखादी ट्रिप केली की साडेचार पार.

आता अडीच लाखाचं लोन १३ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ८,४०० च्या पुढे आणि व्याजच ५३ हजार, आणि एवढं करूनही दोन लाख कमीच पडणार, ते मग क्रेडिट कार्डवर जाणार, आणि तिथून माणूस लवकर वर येत नाही. एफडीला तर हातच लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७९ हजार लागतात तुम्हाला, ३ लाख म्हणजे चार महिन्यांची सुद्धा सोय नाही, ती एफडी आजारपणाची आणि नोकरी गेली तर लागणारी आहे.

मग काय करायचं? ट्रिप मोडायची नाही, दोन तुकडे करायचे. २००९ पासून मालदीवमधे लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालतात. माफुशी, उकुलहास अशी बेटं आहेत, चांगली रूम ८० डॉलरपर्यंत मिळते, ग्रीन टॅक्स माणशी ६ डॉलर, मालेहून स्पीडबोटीने जाता येतं. तिथे ३ रात्री राहा. हो, तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे फक्त ठरलेल्या बीचवर चालतात, हे आधीच माहीत असू द्या. मग शेवटच्या २ रात्री पाण्यावरच्या बंगल्यात, पण स्पीडबोटीने जाता येईल अशा मालेजवळच्या रिसॉर्टमधे. विमान, बोटी, जेवण, स्नॉर्कलिंगच्या दोन ट्रिपा सगळं धरून माझा हिशेब ३ लाख १० हजारांच्या आसपास येतो, आणि रात्री चाराऐवजी पाच.

स्नॉर्कलिंगचं म्हणाल तर एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. ते बंगले बहुतेक उथळ लगूनमधे, म्हणजे बेटाभोवतीच्या शांत पाण्यात उभे असतात, खाली पांढरी वाळू, म्हणून तर पाणी फोटोत तसं फिरोजी दिसतं. पण वाळूत मासे किती असणार, मासे असतात प्रवाळावर. शिडी उतरलात की समोर रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग असेलच असं नाही. बुक करताना हाउस रीफ (रिसॉर्टच्या बेटाचीच रीफ) किनाऱ्यापासून किती लांब आहे हे लेखी विचारा, आणि पाहुण्यांनी हल्ली काढलेले पाण्याखालचे फोटो बघा, कारण १९९८ आणि २०१६ मधे पाणी तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलंय. गेस्टहाउसवाले बोटीने थेट चांगल्या रीफवर नेतात, माणशी ३०-४० डॉलरमधे, म्हणून माझ्या मते स्नॉर्कलिंग तिकडूनच करा आणि बंगला बंगल्यासाठी ठेवा. लेक अजून समुद्रात उतरलेली नाहीये म्हणालात, तर आधी एकदा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तिला मास्क लावून बघा. घाबरली तर तिथेच कळेल. आणि पाण्यावरच्या बंगल्यात बरीच रिसॉर्टं लहान मुलांना घेत नाहीत किंवा जबाबदारी तुमची असं लिहून घेतात, हे पण पैसे भरायच्या आधी विचारा.

माझ्याकडच्या ठाण्याच्या एका जोडप्याचं सांगते. त्यांचं विमान मालेला दुपारी साडेचारला उतरलं, सामान हातात येईपर्यंत सीप्लेनची शेवटची फेरी गेलेली, सीप्लेन फक्त उजेडातच उडतात ना. ती रात्र त्यांनी विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलमधे काढली, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत, आणि रिसॉर्टने त्या रात्रीचे पूर्ण पैसे लावले ते लावलेच. मला अजून वाईट वाटतं, कारण तिकीट काढण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पैशाचं असं करा. महिन्याला २१ हजार उरतायत, त्यातले २० हजार आरडीत, १२ महिने. व्याजासकट २ लाख ४८ हजार होतील, दिवाळीचा ६० हजार बोनस त्यात घाला, ३ लाख ८ हजार झाले. एसआयपी चालू राहते, एफडी जागेवर राहते. कार्डवर डॉलरमधे पैसे गेले की बँक साधारण साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार आणि त्यावर जीएसटी लावते, त्यासाठी दहा-बारा हजार वेगळे धरा. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवरचा आगाऊ इन्कम टॅक्स कापतील, तो बुडत नाही, रिटर्न भरताना परत मिळतो, पावती जपून ठेवा. व्हिसाला पैसे लागत नाहीत, आपल्याला ९० दिवसांचा तिकडे उतरल्यावर मिळतो, आणि इमुगा नावाचा तिकडच्या प्रवेशाचा फॉर्म सरकारी साइटवर फुकट भरता येतो, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

जानेवारी तिकडचा महागडा सीझन असतो, त्यामुळे या जानेवारीऐवजी पुढच्या वर्षी परीक्षा झाल्या झाल्या एप्रिलमधे जा, हवा तेव्हाही कोरडी असते. आणि या जानेवारीत मालवण, दोन दिवस, तिघं.