इंजिन जाम झालंय की नाही? आधी क्रँक हाताने फिरवून पाहा

प्रश्न : माझी गाडी १२०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी. मे महिन्यात भर दुपारी चाळीसगावहून कन्नड घाट चढत होतो. गाडीत पाच माणसं, एसी चालू. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला, म्हणून थांबलो नाही. मग बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं. अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर नुसतं ‘खट्’. टोचन करून गाडी खाली आणली. गॅरेजमध्ये काहीही न उघडता ‘इंजिन सीझ (जाम) आहे, फुल इंजिन (पूर्ण उघडून दुरुस्ती) करावं लागेल’ असं सांगितलं. खरं कसं ओळखायचं?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नुसत्या ‘खट्’ आवाजावरून इंजिन जाम ठरवता येत नाही. तुमच्यासमोर क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो इंजिनचा मुख्य दांडा) फिरवून दाखवेपर्यंत इंजिन उघडायला होकार देऊ नका.

आधी काट्याबद्दल. काटा खाली आला तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे. कूलंट संपलं की सेन्सरभोवती पाणी राहत नाही, पोकळी राहते, आणि काटा खोटं दाखवतो. याचा अर्थ त्यानंतर तुमचं इंजिन कोरडं चाललं. म्हणून जाम झाल्याची शंका रास्त आहे, पण ती तपासायला हवी.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, निदान चार-पाच तास. अॅल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने फुगून बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, अडकतो. गार झाला की आकसतो, आणि पुष्कळदा स्वतःच सुटतो. अर्ध्या तासाने मारलेला सेल्फ म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही. तोवर रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

मग बॅटरी. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ असेल तर ती अर्धीच उरलीय. दुसरी चांगली बॅटरी जोडून, हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट तसाच प्रखर राहिला आणि फक्त ‘खट्’ झालं, तर दोष बहुतेक सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा वायरच्या जोडात. लाइट एकदम मंदावला, केबल गरम झाली, तर सेल्फला जोर लागतोय पण काहीतरी फिरत नाहीये. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, तो जळेल.

आता मुख्य तपासणी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, सगळे स्पार्क प्लग काढा. क्रँक पुलीच्या बोल्टवर बसेल तो सॉकेट (बहुधा १७, १९ किंवा २२ मिमी) आणि दीड-दोन फुटांची टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) लावा. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा. बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूने पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. उलट फिरवलं तर बोल्टच सुटतो. प्लग काढल्यावर चांगलं इंजिन हाताच्या जोराने सहज फिरतं. पूर्ण दोन फेरे फिरवा, कारण सगळ्या सिलिंडरचं चक्र तेवढ्यात पूर्ण होतं. टॉमीला पाइप लावून जबरदस्ती करू नका.

फिरवताना प्लगच्या भोकातून पाणी उडालं, तर इंजिन जाम नव्हतंच. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडून सिलिंडरमध्ये कूलंट शिरलं होतं आणि पाणी दाबलं जात नसल्याने पिस्टन अडला होता. दुरुस्ती आहेच, पण ती फुल इंजिनची असेलच असं नाही. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलाय का, एवढं मात्र तपासून घ्या.

अजिबात हलत नसेल तर बाहेरचा बेल्ट काढून पुन्हा पाहा. अल्टरनेटर किंवा एसी कंप्रेसरची बेअरिंग जाम असली तरी असंच वाटतं. तरीही नाही, तर सेल्फ मोटर उतरवा. सेल्फचं छोटं दातेरी चाक (पिनियन) इंजिनच्या मोठ्या चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) दातांत अडकलेलं असू शकतं. हे सगळं झाल्यावरही हलत नसेल, तर इंजिन जाम आहे.

तेव्हाही प्रत्येक सिलिंडरमध्ये १५-२० मिली गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा आणि सकाळी हळूहळू पुढे-मागे हलवून पाहा. मागे फिरवताना जोर अगदी बेताचा ठेवा. अडकलेल्या पिस्टनला याचा उपयोग होतो. क्रँकची बेअरिंग वितळून चिकटली असेल तर होत नाही. ते ओळखायला ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढा. चमकणारे धातूचे कण दिसले, तर क्रँकचं काम आलं.

प्रश्न : केळी भरलेली डिझेल पिकअप तापून बंद पडली. दुसऱ्या दिवशी चालू झाली, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. माल भरून चालवू का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : चालवू नका. सुटलेलं इंजिन चांगलं आहे असं धरून चालणं सगळ्यात महागात पडतं. धुराला गोडसर वास असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, आणि मग जे आज वाचलंय तेही खराब होतं.

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या, डिझेलच्या वेगळ्या गेजने. पेट्रोलचा गेज तेवढा दाब पेलत नाही. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय. पेट्रोल इंजिन असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंग किंवा बोअर गेलाय, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरवलं की सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) वाक मोजायला लावा. मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते. अॅल्युमिनियम हेडला अनेकदा ०.०५ मिमी इतकीच. न मोजता नवीन गॅस्केट बसवलं तर ते पुन्हा उडतं. ताणून बसवायचे हेड बोल्ट नवेच घ्या.

प्रश्न : कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अडचणीच्या वेळी गावापर्यंत पोहोचायला चालेल, नेहमीसाठी नाही. क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नेमक्या उन्हाळ्यात पाणी कमी फिरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. आधीच मिसळून मिळणाऱ्या कूलंटमध्ये आणखी पाणी घालू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळतं.