मोतीबिंदूचं कोडिंग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट (रुग्णांच्या नोंदी) विम्याच्या क्लेमसाठी कोड करणाऱ्या वाचकांनी या वेळी मोतीबिंदूबद्दल प्रश्न विचारले आहेत. निदानाचे कोड आयसीडी-१०-सीएम या यादीतले आहेत आणि शस्त्रक्रियेचे सीपीटी या यादीतले.

प्रश्न: दोन्ही डोळ्यांना न्यूक्लियर (भिंगाच्या गाभ्यातला) मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला एच२५.१३ ('दोन्ही डोळे') लावला, क्लेम पास झाला. दोन आठवड्यांनी डाव्याचं ऑपरेशन झालं, तोच कोड लावला, तर क्लेम परत आला. एकदा चालला तो कोड दुसऱ्यांदा का चालत नाही?

उत्तर: पहिल्या वेळी मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, म्हणून 'दोन्ही'चा कोड बरोबरच होता. दुसऱ्या वेळी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उरलेलाच नाही, म्हणून फक्त डाव्याचा कोड येतो. अधिकृत कोडिंग मार्गदर्शक तत्त्वांत या नियमाला उदाहरणच मोतीबिंदूचं दिलं आहे. दुसऱ्या ऑपरेशनला एच२५.१२ लावा. उजव्या डोळ्यासाठी झेड९८.४१ (मोतीबिंदू काढलेला) आणि झेड९६.१ (कृत्रिम भिंग बसवलेलं) जोडा.

निदान दुरुस्त करूनही क्लेम अडला तर मॉडिफायर (प्रक्रियेच्या कोडला जोडायची खूण) बघा. ६६९८४चा (मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन) ग्लोबल पिरियड, म्हणजे नंतरची देखभाल ज्यात धरलेली असते ती मुदत, ९० दिवसांचा आहे. त्याच सर्जनने त्या मुदतीत दुसरा डोळा केला की ७९ (आधीच्या ऑपरेशनशी संबंध नसलेली प्रक्रिया) लावावा लागतो, नाहीतर हे काम आधीच्या ऑपरेशनचाच भाग समजलं जातं. ७९ आधी, एलटी (डावी बाजू) नंतर.

प्रश्न: डॉक्टर लिहितात, 'एनएस २+, कॉर्टिकल १+, दोन्ही डोळे' (एनएस म्हणजे न्यूक्लियर, कॉर्टिकल म्हणजे भिंगाच्या बाहेरच्या थरातला, आकडा म्हणजे तीव्रतेची ग्रेड). दोन कोड लावायचे का?

उत्तर: नाही. एकाच डोळ्यात दोन प्रकार असतील तर वयोमानाच्या मोतीबिंदूसाठी मिश्र प्रकाराचा एकच कोड आहे: एच२५.८११ उजवा, एच२५.८१२ डावा, एच२५.८१३ दोन्ही. उजव्यात फक्त न्यूक्लियर आणि डाव्यात न्यूक्लियरसोबत कॉर्टिकल असेल तर एच२५.११ आणि एच२५.८१२ असे दोन कोड येतील.

मात्र हे निदान डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये (नोटमधल्या निष्कर्षाच्या भागात) लिहिलेलं हवं. स्लिट लॅम्पच्या (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) रकान्यात ग्रेड आहेत आणि असेसमेंटमध्ये नुसतं 'मोतीबिंदू' आहे, अशा वेळी ग्रेडवरून निदान जुळवणं हे कोडरचं काम नाही. क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) पाठवा. तीत सगळे संभाव्य प्रकार द्या, शिवाय 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हेही पर्याय ठेवा. 'मिश्र प्रकार आहे ना?' असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच सुचवल्यासारखं होतं आणि ऑडिटमध्ये ती क्वेरी टिकत नाही.

प्रश्न: ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची कॅप्सूल (पातळ पिशवी) फाटली, व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) पुढे आलं, वेळ दुप्पट लागला. सर्जन म्हणतात ६६९८२ ('कॉम्प्लेक्स' ऑपरेशनचा कोड) लावा. लावावा का?

उत्तर: लावू नका. सर्वाधिक चुका याच कोडमध्ये होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ६६९८२ 'गुंतागुंत झाली' यासाठी नाही. नेहमीच्या ऑपरेशनला न लागणारं उपकरण किंवा तंत्र वापरावं लागलं, यासाठी तो आहे. सीपीटीच्या वर्णनातली उदाहरणं अशी: बाहुली रुंदावण्याचं उपकरण, भिंगाला टाक्यांचा आधार, मागच्या कॅप्सूलला मुद्दाम केलेलं छिद्र. दृष्टीचा विकास अजून चालू असलेलं लहान मूल असेल तरी तो लागतो. वेळ जास्त लागणं किंवा कॅप्सूल फाटणं यात बसत नाही. त्यामुळे कराव्या लागलेल्या अँटीरियर व्हिट्रेक्टॉमीचे (पुढे आलेलं व्हिट्रियस काढणं) पैसेही मेडिकेअर (अमेरिकी सरकारी विमा) त्याच डोळ्यासाठी वेगळे देत नाही.

कोड खरोखर लागू असतो तेव्हाही क्लेम पडतो, तो नोटमुळे. 'लहान बाहुली, कठीण केस' एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. नोट अशी हवी: 'थेंब घालूनही बाहुली ४ मिमीपलीकडे उघडली नाही. रुग्ण टॅमसुलोसिन घेतो. कॅप्सूल नीट दिसावी म्हणून चार आयरिस हुक बसवले, भिंग बसल्यावर काढले.' अडचण कोणती, उपाय कोणता आणि तो का लागला, हे तिन्ही यात आलं. यातलं 'का' बहुतेक नोट्समधून गळतं. टॅमसुलोसिन या प्रोस्टेटच्या औषधाने आयरिस (बाहुलीभोवतीचा पडदा) ढिली पडू शकते; तसं निदान सर्जनने लिहिलं असेल तर एच२१.८१ आणि सोबत औषधाच्या दुष्परिणामाचा कोडही येतो. हुक वापरायचं आधी ठरलं नव्हतं, ऑपरेशन चालू असताना ठरलं, तरी हरकत नाही.

ट्रिपॅन ब्लू (कॅप्सूल रंगवायचं द्रव्य) आणि कॅप्सूल टेन्शन रिंग (कॅप्सूल ताणून धरणारी कडी) यांना ६६९८२ लागतो का, याबाबत मात्र आधी संबंधित विमा कंपनीचं धोरण वाचा. नोटमध्ये भिंगाचं मॉडेल, पॉवर आणि सीरियल नंबर असल्याशिवाय चार्ट पुढे सोडू नका.

प्रश्न: रुग्णाला टाइप २ मधुमेह आहे, मोतीबिंदूही आहे. दोन्हींचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला नाही.

उत्तर: आयसीडीच्या इंडेक्समध्ये मधुमेहाखाली 'विथ' या शब्दाच्या पोटात मोतीबिंदू आहे, म्हणून संबंध गृहीत धरून ई११.३६ (टाइप २ मधुमेहातला मोतीबिंदू) येतो. संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं असेल तरच तो सोडायचा. 'वयोमानामुळे' असं लिहिलेलं दिसलं की स्वतः तर्क न करता क्वेरी करा. मोतीबिंदू स्टेरॉइडमुळे झाल्याची नोंद असेल तर आधी एच२६.३ गटातला कोड, मग टी३८.०एक्स५ए (स्टेरॉइडचा दुष्परिणाम).

प्रश्न: ऑपरेशननंतर भिंगामागे जाळी आली, याग लेसर केलं. पुन्हा एच२५ लावायचा का?

उत्तर: नाही, मूळ मोतीबिंदू आता नाही. एच२६.४९१ (उजवा), एच२६.४९२ (डावा) किंवा एच२६.४९३ (दोन्ही) लावा, प्रक्रियेला ६६८२१. तोच डोळा ९० दिवसांच्या आत त्याच सर्जनने केला तर मेडिकेअरला ७८ (आधीच्या ऑपरेशनशी संबंधित म्हणून पुन्हा ऑपरेशन रूममध्ये नेणं) लागतो, कारण लेसर सूट ऑपरेशन रूममध्ये धरली जाते. दुसरा डोळा असेल तर ७९.

प्रश्न: चष्म्यासह दृष्टी २०/४० आहे (निरोगी डोळ्याला ४० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून दिसतं), तरी सर्जन ऑपरेशन सुचवतात. विमा कंपनी 'गरज सिद्ध नाही' म्हणते.

उत्तर: २०/४० असूनही गरज असू शकते, पण ती चार्टमध्ये दिसली पाहिजे. 'धूसर दिसतं' हे पुरेसं नाही. 'रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांमुळे रस्ता दिसत नाही, म्हणून गाडी चालवणं सोडलं' असं रुग्णाचं नेमकं काम लिहिलेलं हवं. सोबत ग्लेअर टेस्टचा (झगझगीत प्रकाशात दृष्टी मोजण्याच्या चाचणीचा) आकडा हवा: २०/४० वरून २०/८० झाली, तर ती तक्रार मोजमापात आली. नवा चष्मा देऊन फरक पडत नाही आणि डोळ्याचा दुसरा आजार एवढ्या तक्रारीला कारण नाही, हेही लिहिलेलं असावं. मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची) तपासणी नोंदवलेली नसेल तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. रुग्णाला ऑपरेशन हवं आहे, धोके समजावले आहेत, ही नोंद त्या डोळ्याची म्हणून वेगळी हवी. पहिल्या डोळ्याची नोट कॉपी करून दुसऱ्याला चिकटवलेली असेल तर बाजू आणि दृष्टीचे आकडे दोन्ही तपासा. कॉपी केलेल्या नोटमध्ये 'उजवा' तसाच राहून गेलेला वारंवार सापडतो.